ट्वीडच्या गिरण्या गेल्या, पायाने चालणारा माग राहिला

गालाकाठ

माझं माहेर इचलकरंजीचं. वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार साधे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात मी अभ्यास केला, पुढे टेक्स्टाईल शिकले, मग स्कॉटलंडच्या गॅलाशील्स गावी शिकायला आले आणि इथलीच झाले.

मागच्या शनिवारी इथल्या एका जुन्या गिरणीत जायचा योग आला. आत आता गोदाम आहे. करवतीसारखं दातेरी छप्पर, उत्तरेकडून येणारा थंड उजेड आणि जमिनीवर ओळीने चार-चार भोकं. सोबतच्या माणसाने विचारलं, ही कसली? मी सांगितलं, मागाच्या बोल्टची. तेलाने काळी पडलेली ती जमीन पाहून मला आमची शेडच आठवली. वडिलांनी दोन वर्षांपूर्वी दोन माग भंगारवाल्याला किलोवर दिले, तेव्हा मागे अशीच चार-चार भोकं उरली होती. त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं.

ट्वीड म्हणजे लोकरीचं जाडसर, खरबरीत कापड. जुन्या इंग्रजी सिनेमात शिकारीला निघालेल्या जमीनदाराचा कोट असतो, ते. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरची गॅलाशील्स, हॉइक, सेलकर्क, पीबल्स ही गावं याच कापडावर वाढली. नावाची गोष्ट इथे सगळे सांगतात. तिरप्या विणीच्या कापडाला स्कॉट लोक 'ट्वील' म्हणत. १८३० च्या सुमारास लंडनच्या एका व्यापाऱ्याने हॉइकहून आलेल्या पत्रातला तो शब्द 'ट्वीड' असा वाचला. ट्वीड नदी इथूनच वाहते, त्यामुळे त्याला ते नदीचंच नाव वाटलं, आणि कापडाला ते कायमचं चिकटलं. वॉल्टर स्कॉटचं ॲबट्सफर्डचं घर याच नदीवर आहे. तो मेंढपाळी चौकड्याची विजार वापरायचा, आणि त्याच्यामुळे लंडनच्या बड्या लोकांत हे कापड गेलं असं म्हणतात.

कार्टराइटने यंत्रमागाचं पेटंट १७८५ साली घेतलं, पण लोकरीवर तो माग बसायला बराच काळ गेला. याचं कारण सुतात आहे. ट्वीडचं सूत पिंजलेल्या लोकरीचं असतं. तंतू आडवेतिडवे, मध्ये हवा भरलेली. त्यामुळे ते उबदार, पण नाजूक. सुती धाग्याला बसणारा झटका या धाग्याला सोसत नाही, तो तटकन तुटतो. म्हणून मँचेस्टरकडे सुती यंत्रमाग धडाधड चालू झाले तरी इथे हातमागवाले बरीच वर्षं टिकून होते. शेवटी यंत्रमाग आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावांनी पैसा पाहिला. यॉर्कशायरच्या डॉबक्रॉस गावचा माग लोकरीच्या गिरण्यांत घरोघरी झाला. मिनिटाला शंभराच्या आतबाहेर पिकं, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या. आज आपल्याकडचे लोक हसतील, पण तेव्हा तो वेग होता.

पहिला मोठा धक्का यंत्राचा नव्हता, जकातीचा होता. अमेरिका मोठं गिऱ्हाईक. १८९० च्या मॅकिन्ली जकातीने आणि १८९७ च्या डिंग्ली जकातीने लोकरी कापडावर इतका कर बसवला की निर्यात कोसळली. गॅलाशील्समधली कित्येक घरं बंद होऊन माणसं परदेशी गेली. मग लोकांना वर्स्टेड हे हलकं, गुळगुळीत लोकरी कापड आवडायला लागलं. दोन महायुद्धांत सैन्याच्या कापडाने गिरण्या तरल्या. त्यानंतर घरं गरम राहू लागली, गाड्या बंद काचांच्या झाल्या, कृत्रिम धागे आले. जाड कोटाची गरजच उरली नाही. १९६९ साली इथली रेल्वेही बंद झाली. ती २०१५ साली परत आली, आणि त्याच वर्षी पीबल्सची मार्च स्ट्रीट मिल बंद झाली.

हे सगळं लिहायचं कारण पुढे आहे. याच देशाच्या वायव्येला, समुद्रात, लुईस आणि हॅरिस ही बेटं आहेत. तिथे ट्वीड अजून विणतात, त्यालाच हॅरिस ट्वीड म्हणतात; घराशेजारच्या शेडमध्ये, पायाने चालणाऱ्या मागावर. तिथल्या मागाला मोटर नाही. ज्यांनी वेग घेतला त्यांच्या गिरण्यांची गोदामं झाली आणि ज्यांनी घेतला नाही ते विणतायत. हे माझ्या मनातून जात नाही. तुमचं काय मत?

निळी शाई

ताई, फार आतून लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: ट्वीड लांबून तपकिरी दिसतं, पण जवळून त्यात रंगीत ठिपके दिसतात. ते छापलेले असतात का?

गालाकाठ

नाही, आणि हीच त्या कापडाची खरी गंमत आहे. सूत काढल्यावर रंगवत नाहीत, आधी लोकरच रंगवतात. मग वेगवेगळ्या रंगांची लोकर ठरलेल्या वजनाने एकत्र करून पिंजतात आणि त्यातून सूत काढतात. माझ्या समोर आत्ता बोटभर लांबीचा धागा आहे. लांबून मातकट हिरवा. पीळ सोडवून खिडकीशी धरला तर आत केशरी, मोरपंखी, पिवळे आणि दोन-चार चक्क जांभळे तंतू आहेत. इथल्या डोंगरावर हेदर फुलतं तो जांभळा. जुन्या काळी बेटांवरच्या बायका खडकावरचं दगडफूल खरवडून त्याचा तांबूस रंग करत, त्याला क्रोटल म्हणतात.

खर्चीवाला

मी तुमच्याच गावचा, ताई. अजून आठ माग चालवतो. तुमच्या लेखातल्या भोकांनी पोटात कालवलं, पण एक गोष्ट मला मान्य नाही.

यंत्रमागाला दोष देऊ नका. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला म्हणून आपलं गाव झालं. त्याआधी काय होतं? आमच्या आजोबांकडे ना जमीन ना शिक्षण. एका मागावर कामगार म्हणून लागले, मग उधारीवर दोन माग घेतले. गिरणीमालक व्हायला भांडवल लागतं, खर्चीवाला व्हायला दोन माग आणि झोप मोडायची तयारी पुरते. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचा, मजुरी पिकावर. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपात गेल्या तेव्हा देशाचं कापड भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या शेडमध्ये विणलं गेलं.

आता आम्ही मरतोय ते मागामुळे नाही. विजेचं बिल, सुताचा रोज बदलणारा भाव आणि तेवढीच राहिलेली मजुरी, या तीन गोष्टींनी. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, पासष्ट वर्षांचा आहे. माग बिघडला की लांबून आवाज ऐकून सांगतो, कुठला पिकर, धोट्याला टोला देणारा भाग, गेलाय. त्याच्यामागे शिकणारा एक पोरगा नाही. वहिफणीला, म्हणजे ताण्याचे धागे मागात ओवायला, माणूस मिळत नाही. माग पायाने चालवून हे प्रश्न कसे सुटणार?

रेपियर

खर्चीवाल्यांशी सहमत. मी शटललेसमध्ये, म्हणजे धोट्याशिवाय चालणाऱ्या रेपियरसारख्या मागांच्या धंद्यात आहे. साधा माग गेला, तो जाणारच होता. एक रेपियर पाच-सहा साध्या मागांचं काम करतो आणि कापडात खोट कमी. ट्वीडच्या गिरण्यांनी वेळेवर नवीन माग घेतले असते तर त्या टिकल्या असत्या. पायाच्या मागाचं कौतुक पर्यटकांना. शंभर कोटींची ऑर्डर आली तर बेटावरची माणसं काय करणार?

गालाकाठ

खर्चीवाले दादा, माझ्या वडिलांचंही हेच म्हणणं आहे, आणि मी मागाला दोष दिला असं वाटलं असेल तर माझं लिहिणं अपुरं पडलं. माझं शिक्षण त्याच मागांवर झालं.

रेपियरभाऊ, स्कॉटलंडच्या या सीमाभागातल्या बऱ्याच गिरण्यांनी नवीन माग घेतले होते हो. सेलकर्कला आजही वेगवान मागांवर टार्टन हे चौकड्यांचं कापड विणतात, चांगलं विणतात. पण वेग विकत घेता येतो. तुम्ही घेतलात तर पुढच्या वर्षी इटलीतला घेतो, त्यापुढच्या वर्षी चीनमधला. इटलीत प्राटो म्हणून गाव आहे, तिथे जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात. त्या स्वस्त कापडासमोर इथल्या गिरण्यांची दमछाक झाली.

बेटांचं थोडं सविस्तर सांगते, कारण 'त्यांनी यंत्र नाकारलं' हेही पूर्ण खरं नाही.

तिथल्या लोकांचं हे घरगुती कापड. गेलिक भाषेत क्लो मोर, म्हणजे मोठं कापड. १८४६ साली डनमोरच्या काउंटेसने आपल्या नोकरचाकरांसाठी ते विणून घेतलं, मग लंडनच्या ओळखीत खपवलं. मागणी वाढली तशी नक्कल आली. म्हणून १९०९ साली संघटना काढून गोलावर क्रूस असलेलं चिन्ह नोंदवलं आणि १९११ पासून कापडावर शिक्का मारायला लागले. तेव्हा सूतसुद्धा हाताने कातलेलं लागे. मागणी पुरी होईना, म्हणून १९३४ साली नियम बदलला: सूत गिरणीत काढलेलं चालेल, पण गिरणी बेटावरची हवी. पिंजण, कताई, धुणं, आटवणं हे सगळं आज यंत्रावर होतं. पहिल्या महायुद्धानंतर हॅटर्सलीचा पायट्यांचा माग आला, धोटा आपोआप फेकणारा. तोसुद्धा लोकांनी आनंदाने घेतला. १९९० च्या दशकात दुप्पट रुंदीचा नवा माग आला, त्याला तर सायकलसारखे पेडल आहेत. म्हणजे सुधारणा होत राहिली. एकच रेघ ओढली, मागाला ताकद माणसाची हवी.

आणि ही रेघ वरून कुणी लादलेली नाही. १९७० च्या दशकात सरकारी विकास मंडळाने यंत्रमागाची योजना आणली होती. विणकरांनी मतदान करून ती फेटाळली. माग शेडमधून कारखान्यात गेला की काम चार लोकांकडे जाईल आणि बाकीच्यांना बेट सोडावं लागेल, हे त्यांना दिसत होतं. मोठ्या ऑर्डरची भीती त्यांना नव्हती, मुलं गाव सोडून जाण्याची होती.

ठाणेकर

माझे बाबा ठाण्याच्या एका लोकरी गिरणीत मेंडिंग खात्यात होते. कापड मागावरून उतरलं की तिरक्या टेबलावर उजेडासमोर पसरायचं आणि बोटांनी चाचपत खोट शोधायची. डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं, असं ते म्हणत. सुटलेलं पीक दिसलं की खडूने खूण, मग बोथट टोकाच्या लांब सुईने त्याच विणीत धागा भरायचा. एक खाली, दोन वर. पुरं झालं की ते स्वतःच परत शोधून दाखवू शकत नसत.

बाबा सांगत की मेंडिंगला यायचं तेव्हा कापड तेलकट, विरळ, गोणपाटासारखं असे. पुढे साबणाच्या पाण्यात कुटून आटवलं की तेच कापड घट्ट आणि मऊ व्हायचं. ओल्या लोकरीचा वास त्यांच्या शर्टाला यायचा. गिरणी बंद झाली तेव्हा त्यांनी हिशेबाचे कागद कपाटात टाकले आणि सुई मात्र देवघरातल्या डबीत ठेवली. अजून आहे.

गालाकाठताई, तिकडे हे काम कोण करतं?

गालाकाठ

बायका. सीमाभागातल्या गिरण्यांत रफूचं काम बायकांचं, आणि ते कसबी मानत. बेटांवर तर कापड आटवण्याचं कामही पूर्वी बायकांचंच. ओलं कापड मोठ्या फळीभोवती बसून सगळ्याजणी एका ठेक्यात आपटत, गाणी म्हणत. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवा, तसंच. त्या गाण्यांचा गेलिकमध्ये मोठा साठा आहे. काम यंत्राकडे गेलं, गाणी मात्र म्हटली जातात. ठाणेकर, त्या सुईचा फोटो टाकाल का? मला खरंच बघायचीय.

वाचक विलासपूर

छान धागा. पण बेटांचं सगळं गोड गोड चाललंय असं वाटतंय.

गालाकाठ

तसं अजिबात नाही. १९६६ साली सुमारे सत्तर लाख मीटर कापड झालं, तो कळस. त्यानंतर वर्षानुवर्षं घसरण. १९६४ सालचा मोठा खटला गाजला होता. मुख्य भूमीवर सूत काढून, तिथेच धुऊन आटवलेलं कापड काही लोक हॅरिस ट्वीड म्हणून विकत होते, न्यायालयाने ते बंद केलं. तरी फॅशनपुढे न्यायालय काय करणार? २००६ साली तर घात झाला. यॉर्कशायरच्या एका उद्योजकाने लुईसवरच्या स्टॉर्नोवे गावची मोठी गिरणी घेतली, हजारो नमुन्यांपैकी फक्त चार ठेवले आणि कापड बाहेर विकणंच थांबवलं, सगळं स्वतःच्या कोटांसाठी. विणकर घरी बसले. सूत गिरणीतून येतं, त्यामुळे गिरणी थांबली की घरातला माग थांबतो. हा त्या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. दुसऱ्याच वर्षी तिथल्याच शॉबॉस्ट गावची बंद गिरणी नव्या कंपनीने उघडली आणि हळूहळू उत्पादन पुन्हा दहा लाख मीटरच्या पुढे गेलं. सत्तर लाख कुठे आणि दहा लाख कुठे. पण ते विणतायत.

मी गेले होते तिथे एका विणकराकडे. पाऊस आडवा येत होता. शेडमध्ये रेडिओ, किटली आणि माग. गिरणीची गाडी बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, आणि सूत दारात टाकून जाते. नवा बीम चढवताना जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याची टोकं एकेक करून गाठतात, शेकडो गाठी. तो बोलता बोलता गाठी मारत होता, बोटांकडे बघतही नव्हता. मी हात पुढे केला तेव्हा त्याने जागा दिली. माझी गाठ त्याने ओढून पाहिली आणि म्हणाला, हे तू आधी केलंयस. मी म्हटलं, घरी.

कायद्याचं पान

एक माहिती जोडतो, या धाग्यात ती हवीच.

ब्रिटिश संसदेने हॅरिस ट्वीड कायदा १९९३ साली केला. त्यात व्याख्या अशी: बेटांवरच रंगवलेल्या आणि कातलेल्या शुद्ध नव्या लोकरीचं, तिथल्या रहिवाशाने आपल्या घरी हाताने विणलेलं, तिथेच पुरं केलेलं कापड. व्याख्येत न बसणारं कापड त्या नावाने विकणं बेकायदा.

आपल्याकडे हातमाग आरक्षण कायदा १९८५ चा. सुरुवातीला बावीस प्रकारचं कापड हातमागासाठी राखीव होतं, आता अकरा. यंत्रमागवाले न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच तो वैध ठरवला. त्या अकरांत साडी, धोतर, लुंगी आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण यादी खालपर्यंत वाचा. त्यात कांबळी आहे, शाल आहे आणि चक्क लोकरी ट्वीडही आहे!

म्हणजे कागदावर भारतातही ठरावीक ट्वीड हातमागाचंच. फरक असा की आपल्या कायद्याने कापडाचा प्रकार राखला, गाव राखलं नाही आणि विणकराला शिक्का दिला नाही.

खर्चीवाला

हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे या कायद्याचं नाव निघालं की फक्त धाडीची भीती आठवते.

शिक्क्यावरून सांगतो. माझ्या मागावरचं कापड ग्रे माल, म्हणजे कोरं, म्हणून बाहेर जातं, कुठे ते रंगतं, कुणाच्या नावाने विकलं जातं, मला माहीत नाही. चाळीस वर्षांत स्वतः विणलेल्या कापडाचा सदरा मी ओळखून घेतलेला नाही.

सोलापूरची लेक

दादा, सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकन आहे. तरी गावोगावच्या दुकानांत लेबल नसलेली, दोन धुण्यांत विटणारी चादर 'सोलापुरी' म्हणून सर्रास मिळते. नाव मिळालं तरी त्या नावावर पहारा ठेवणारं कुणीतरी पगारी लागतं. बेटांवर तो पगार कोण देतो?

कायद्याचं पान

हॅरिस ट्वीड ऑथॉरिटी, त्या १९९३ च्या कायद्यानेच स्थापलेली. तपासनीस कापड बघून शिक्का मारतात आणि त्याची फी घेतात, त्या पैशातून नक्कल करणाऱ्यांवर खटले चालतात.

माणदेशी

इतका वेळ नुसता वाचत होतो. आम्ही सणगर. घोंगडी विणणारे. आमचा माग खड्ड्यातला. आजोबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे, मी काठावर कांड्या भरत बसायचो. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, उन्हात ताणून कुंच्याने सारखी करायची. ती खळ शिजताना जो वास येतो तो मला अजून कुठेही ओळखता येईल.

आता दख्खनी मेंढीची लोकर धनगर कातरतात आणि पुष्कळदा रानातच टाकून येतात, कारण कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. मेंढी मटणासाठी पाळतात. माडग्याळच्या जातीला भाव, तिला लोकर जवळजवळ नाहीच. बाजारात घोंगडी म्हणून जे मिळतं त्यात बरंच गिरणीचं सूत असतं. आमच्या घरात मी आणि चुलते, दोघंच विणतो. घोंगडीला गिऱ्हाईक आहे हो, देवाला लागते, खंडोबाला, बिरोबाला. पण लोक भाव विचारतात आणि गिरणीच्या ब्लँकेटशी तोलतात.

ताई, त्या बेटावरच्या मेंढ्यांची लोकर कशी असते? आमची राठ आहे म्हणून कुणी घेत नाही.

गालाकाठ

माणदेशी दादा, तिथल्या काळतोंड्या मेंढीची लोकरही राठच. म्हणूनच जुनं ट्वीड अंगाला टोचायचं, पण पावसात भिजलं तरी उबदार राहायचं आणि कोट मुलाला, नातवाला पुरायचा. आता जास्त करून चेव्हियट मेंढीची लोकर मिसळतात. आणि लोकरीच्या भावाचं म्हणाल तर स्कॉटिश मेंढपाळही हेच सांगतात, कातरायचा खर्च निघत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मी आटपाडीच्या बाजारात उभी आहे.

मला तुमच्या लोकरीचा नमुना बघायचाय. इथल्या प्रयोगशाळेत तंतूची जाडी मोजून देता येईल, पैसे लागणार नाहीत. रंगाचंही बघू. दख्खनी लोकर काळी, करडी, तपकिरी येते. न रंगवता तीन छटा वजनाने मिसळून पिंजल्या तर काय सूत निघेल, याचा विचार मी कालपासून करतेय.

खर्चीवाला

हे यंत्रमागावर चढवायचं नाही, कांबळी राखीव आहे हे आत्ताच वाचलं. पण माझ्या जॉबरला जुना पायट्यांचा माग जोडता येतो, तरुणपणी त्याने ते काम केलंय. लाकूड माझ्याकडे पडून आहे. दोन माग काढले तिथली जागा पण मोकळी आहे.

माणदेशी, येत्या रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. एक किलो सूत आणि चुलत्यांचा खड्डा, दोन्ही बघायचंय. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.

माणदेशी

टाकला. सकाळी दहाच्या आत या, खळ तेव्हाच लावतो. जेवायला थांबायचं.

ठाणेकर

सुईचा फोटो जोडलाय. बाबांनी नाकाजवळ चिकटपट्टी गुंडाळली होती, ती तशीच ठेवली आहे. ताई, तुम्हाला कापड मिळालं तर ही पाठवतो.